स्लो लोकल, स्लो पीसी, लॅमिंग्टन रोड

दादरहून चर्चगेट स्लो पकडायची. प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल... आणि पाचव्या स्टेशनला उतरायचं. ग्रँट रोड. इथल्या जिन्यावर दोन प्रकारची पब्लिक दिसते. वेस्टला वळणारी मंडळी भाजी गल्लीतून पिशव्या भरून घरी जातात. ईस्टला वळणारे मात्र लगेच ओळखू येतात. पाठीला सॅक, हातात पार्ट्सची यादी (हल्ली मोबाइलमधला स्क्रीनशॉट) आणि चेहऱ्यावर दहावीच्या रिझल्टला निघाल्यासारखे भाव! ही सगळी लॅमिंग्टन रोडची गिऱ्हाइकं. कुणाचा लॅपटॉप गेलेला असतो, कुणाला ग्राफिक्स कार्ड हवं असतं, कुणाला पंधरा वर्षांपूर्वीच्या स्पीकरचं एखादं सर्किट. काहींच्या तर खांद्यावर अख्खा डेस्कटॉपच असतो. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी आम्ही या शेवटच्या कॅटेगरीत होतो.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मामेभाऊ. मुक्काम पोस्ट डोंबिवली. साहेब दिवसा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात आणि रात्री गेम खेळतात. दोन्ही एकाच मशीनवर. हप्त्यांवर घेतलेलं, पण जातिवंत मशीन. आत इंटेलचा आय-सेव्हन १२७००एफ. जानेवारी २०२२ मध्ये आलेला, बारा कोअरचा, ४.९ गिगाहर्ट्झपर्यंत पळणारा. डब्याला काच, काचेआड गणपतीच्या मखराला लाजवेल अशी रोषणाई.

आणि हा शर्यतीचा घोडा एप्रिलपासून रांगायला लागला. गेम लावला की पहिली पाच-दहा मिनिटं एकदम मख्खन. मग अचानक एकेक फोटो दाखवल्यासारखं अडखळायला सुरुवात. भावाने आधी इंटरनेटवाल्याला शिव्या घातल्या, मग ग्राफिक्स कार्डला, मग गेम बनवणाऱ्यांना. शेवटी टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोसेसरसमोर आकडा ०.७९ गिगाहर्ट्झ! एक गिगाहर्ट्झचे प्रोसेसर मार्च २००० मध्येच बाजारात आले होते, बॉस. म्हणजे पठ्ठ्याचं मशीन पाव शतक मागे गेलेलं.

गेमचं एक वेळ सोडा. पण रविवारी एका लग्नाची फिल्म द्यायची होती. नवरीची आजी लग्नाच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये होती. तिला घरी बसून सगळं लग्न पाहता यावं म्हणून रविवारी संध्याकाळी खास 'शो' ठरलेला, आणि सोमवारी रात्री नवराबायको ब्रिस्बेनला उडणार. जो व्हिडिओ एरवी तासाभरात रेंडर व्हायचा तो आता सहा तास दाखवत होता आणि मध्येच मान टाकत होता. ॲडव्हान्स सोडून चाळीस हजार यायचे होते. घराजवळच्या दुकानात मशीन दाखवलं, तर त्यांनी डबा न उघडताच निदान केलं. प्रोसेसर गेला, बोर्डही बदलावा लागेल, पस्तीस हजार धरून चला. येणार चाळीस, जाणार पस्तीस. हिशेब करून मामी गप्प झाल्या, आणि मामी गप्प होणं ही आमच्या घरात सिरियस गोष्ट समजली जाते.

म्हणून लगेजच्या डब्यातून, दोन माशांच्या टोपल्या आणि एका भल्यामोठ्या फ्लेक्सच्या गुंडाळीशेजारी उभं राहून आमची वरात लॅमिंग्टन रोडला निघाली.

या रस्त्याचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा, तो मीटर टाकण्याऐवजी तुमच्याकडे बघत बसेल. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याआधी तो ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचा गव्हर्नर होता, आणि तिथे त्याच्या किताबातलं नाव चक्क केकला मिळालं, असं मानतात. स्पंज केकचा चौकोनी तुकडा चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्यात घोळवायचा, झाला लॅमिंग्टन. आमच्या नवराबायकोला ब्रिस्बेनच्या कुठल्याही बेकरीत तो मिळेल. हाच गृहस्थ १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये हजर होता. उधमसिंगांनी मायकल ओड्वायरला गोळ्या घातल्या तेव्हा एक गोळी याच्याही हाताला लागली. एका रस्त्याच्या नावात केवढा मसाला असतो बघा!

रस्त्याची स्वतःची हिस्ट्री त्याहून फिल्मी. मिनर्व्हा इथलंच. १९७५ साली लागलेला 'शोले' तिथे पाच वर्षं हलला नाही. नाझच्या इमारतीत फिल्म डिस्ट्रिब्युटर्सची ऑफिसं होती, शुक्रवारच्या पहिल्या शोनंतर कुठला हिरो तरला नि कुठला बुडाला याचा निकाल तिथे लागायचा. मिनर्व्हा आता नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबला हातांनी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे याच भागातल्या डी. बी. मार्ग पोलिस ठाण्याचे. त्या ठाण्यावरून जाताना कॅबिनेट कितीही जड असो, पाय जरा हळू होतात.

आणि मग सुरू होतो तो खरा लॅमिंग्टन रोड. आधी रेडिओचे स्पेअर पार्ट्स, मग टीव्ही आणि टेपरेकॉर्डर, मग नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर असा याचा प्रवास. गंमत म्हणजे आधीचं काहीच पुरतं गेलेलं नाही. एका दुकानात लेटेस्ट ग्राफिक्स कार्ड काचेत उभं असतं आणि शेजारच्या खोपटात रेझिस्टर, कपॅसिटर दाणे-कडधान्यासारखे मोजून मिळतात. फुटपाथवर केबल्सच्या जुड्या, रिमोट, चार्जर, ॲडॉप्टर. दर दहा पावलांवर एकजण कानाशी येऊन "क्या चाहिए बॉस?" विचारतो. नवख्याने उत्तर दिलं की तो पुढच्या पंधरा मिनिटांत तीन जिने चढलेला असतो. आमचा पत्ता आधीच ठरलेला होता. दोन दुकानांच्या मधला अंधारा जिना, पहिला मजला, दहा बाय बाराची खोली. तिथे बसतात त्यांना सगळेच 'दादा' म्हणतात. वय पन्नाशीचं, मूळचे रत्नागिरीकडचे, सुरुवात टीव्ही रिपेअरिंगपासून. खोलीत एसी आहे, पण तो माणसांसाठी नाही, अशी तंबी दारातच मिळते.

आमच्या आधी तिघं होते. डॉक्टरकडे वेटिंगमध्ये बसल्यावर दुसऱ्यांचे आजार ऐकण्यात जी मजा असते ती इथेही असते. आणि त्या दुपारचा योगायोग असा की सगळ्यांची तक्रार एकच. 'प्रोसेसर बॉक्सवर लिहिलाय तेवढा पळत नाही.'

पहिला विरारहून आलेला, कॉलेजातला. त्याचा पुरावा म्हणजे मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो, १.२ गिगाहर्ट्झ. दादांनी विचारलं, "फोटो काढताना काय चालू होतं?" काहीच नाही, नुसता डेस्कटॉप. दादा म्हणाले, "सिग्नलला उभ्या असलेल्या बाइकचा काटा बघून बाइक पळत नाही म्हणतोस?" काम नसेल तेव्हा प्रोसेसर स्वतःच स्पीड खाली आणतो. वीज वाचते, उष्णता कमी होते. मोजायचं तर मशीनला जुंपायचं आणि मग मोजायचं. पोराने तिथेच मोबाइलवरून घरी बहिणीला फोन लावला, गेम चालू करायला लावला, आकडा विचारला. ४.३. फी? शून्य. दादांनी वर त्याला पाणी पाजलं.

दुसरी ॲनिमेशनचा कोर्स करणारी मुलगी. हिचं मशीन कामातही २.५ च्या वर जाईना, पण अडखळतही नव्हतं. बरोब्बर २.५, खिळा ठोकल्यासारखं. इथे थोडा फंडा समजून घ्यायला हवा. प्रोसेसरला दोन स्पीड असतात. एक बेस, म्हणजे कंपनीची किमान हमी. दुसरा टर्बो, म्हणजे वीज आणि थंडावा पुरेसा असेल तोवर मिळणारा बोनस. इंटेलने हा टर्बोचा प्रकार २००८ मध्ये आणला आणि आता तर आपण पैसे देतो ते बहुतेक या बोनसचेच. टर्बो बंद पडला तर मशीन चालतं, पण पगारात नुसतं बेसिक जमा झाल्यासारखं. हिच्या विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के होतं. कुणीतरी तिला फॉरवर्ड पाठवलेला की ९९ करा, मशीन गार राहतं. गार राहतं हे खरं! कारण १०० चे ९९ केले की एक टक्का स्पीड जात नाही, अख्खा टर्बोच बंद होतो. आकडा पुन्हा १००, मशीन ४.२ वर, मुलगी खूश.

तिसऱ्या गृहस्थांचं फार लांबवत नाही. नवा कूलर त्यांनी स्वतः बसवला होता आणि त्याच्या तळाचं पारदर्शक प्लॅस्टिक काढायचं राहिलं होतं. प्रोसेसर शंभर डिग्रीला जाऊन स्वतःला वाचवायला स्पीड तोडत होता. असे महिन्याला दोन-तीन येतात म्हणे. तसेच चार खिळ्यांपैकी एक खिळा निसटलेला कूलर घेऊन येणारे, पाच वर्षं पेस्ट न बदललेले आणि प्रोसेसरची वीज आणणारी आठ पिनांची केबल अर्धीच खोचलेले. २०२४ मध्ये तर वेगळीच लाट आली होती. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या जनरेशनच्या काही प्रोसेसरमध्ये व्होल्टेजची भानगड निघाली, बोर्ड कंपन्यांनी नवे बायोस काढले, त्यात विजेवर कंपनीने ठरवलेली मर्यादा आली, आणि अपडेट केल्यावर स्पीड जरा उतरला म्हणून लोक तक्रार घेऊन आले. दादांचा सल्ला, तो उतरलेलाच राहू दे, प्रोसेसर जगेल.

मग आमचा नंबर.

"काय म्हणतो पेशंट? चालू केल्या केल्या स्लो, की तापल्यावर स्लो?"

भाऊ म्हणाला, "पहिली दहा मिनिटं मस्त चालतो. मग ०.७९."

"मग प्रोसेसर मेलेला नाही. मेलेला माणूस दहा मिनिटं पळत नाही."

पस्तीस हजारांचं निदान एका वाक्यात खलास! पण हा तर्क कुणालाही करता आला असता, नाही का? डोंबिवलीच्या दुकानात एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे डब्यात काहीही बिघडलं की बिल प्रोसेसरच्या नावाने फाडायला सोपं जातं, असं माझं प्रामाणिक मत.

डबा बेंचवर आला, काच निघाली, ब्लोअरने जाळीतली वर्षभराची धूळ खिडकीबाहेर गेली. टेस्ट सुरू. ४.५. पाच मिनिटं, ४.५. पंधरा मिनिटं, ४.५. भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. डॉक्टरच्या दारात पोहोचल्यावर ताप उतरतो ना, तसं. "दादा, शपथ सांगतो, घरी नाही चालत हा..." दादा शांत. "घरी ठेवतोस कुठे?" टेबलाखाली. लाकडी कप्प्यात. काच लावून. दादांनी काच परत लावली, आणि कोपऱ्यातला मॉनिटरचा रिकामा खोका घेऊन चक्क डब्यावर पालथा घातला. डोंबिवलीतल्या कप्प्याचा सेट तयार! टेस्ट पुन्हा चालू. आम्ही कटिंग मागवला.

अकराव्या मिनिटाला आकडा कोसळला. ०.७९.

मला वाटलं, आता तापमान नव्वद-शंभर दिसणार. दिसलं ५८. दादांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "प्रोसेसर ५८ वर आहे. याला शंभरपर्यंत झेपतं. म्हणजे ब्रेक यानं नाही मारला. दुसऱ्या कुणीतरी याच्या पायाखालचा ब्रेक दाबला." सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लांबलचक यादी होती, तिच्यात एका ओळीपुढे 'येस' आलं होतं. प्रॉकहॉट, एक्स्टर्नल. प्रॉकहॉट म्हणजे 'प्रोसेसर हॉट' अशी आरोळी. गंमत अशी की ही तार दुहेरी असते. प्रोसेसर तापला की तो बोर्डला ओरडून सांगतो, आणि बोर्डवरचं काही तापलं तर बोर्डही तीच तार ओढून प्रोसेसरला थांबवतो. प्रोसेसर काही विचारत बसत नाही, सगळ्यात खालच्या गिअरमध्ये जातो. साधारण आठशे मेगाहर्ट्झ. म्हणूनच ०.७९ किंवा ०.८० असा आकडा दिसला तर समजायचं, हा थकवा नाही, इमर्जन्सी ब्रेक आहे.

पण बोर्डवर तापलं काय? खोका उचलून दादांनी काच काढली आणि लांबून तापमान मोजणारी एक गन प्रोसेसरच्या डाव्या बाजूला रोखली. तिथे काळ्या चौकोनी तुकड्यांची एक रांग होती. ११२ डिग्री! चहा उकळतो शंभरला.

ही रांग म्हणजे व्हीआरएम. एसएमपीएसमधून येते १२ व्होल्टची वीज. प्रोसेसरला लागतो एक व्होल्ट आणि वर थोडा. मधला उतार ही रांग करून देते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दीडशे वॅट एवढ्या कमी व्होल्टेजवर पुरवायचे म्हणजे करंट शंभर अँपिअरच्या वर जातो. आपल्या गिझरची एमसीबी सोळा-वीस अँपिअरची असते, यावरून अंदाज करा. महागड्या बोर्डांवर या रांगेवर ॲल्युमिनियमचा जाडजूड ठोकळा बसवलेला असतो. भावाच्या बोर्डवर काहीच नव्हतं. असेंबल करताना दुकानदाराने महागडा आय-सेव्हन दाखवला, ग्राफिक्स कार्ड दाखवलं, दिवे दाखवले, आणि बजेट बसवायला बोर्ड सगळ्यात स्वस्त लावला. जाहिरातीत बोर्डचं नाव कुणी वाचत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. डोंबिवली फास्टचं इंजिन रिक्षाच्या चेसिसवर बसवल्यासारखा हा प्रकार.

"पण दादा, आधी दोन-अडीच वर्षं चाललाच ना?" माझ्यातली पत्रकार गप्प बसेना. दादांनी भावाकडे पाहिलं. "कूलर कधी बदललास?"

जानेवारीत! प्रोसेसरसोबत आलेला साधा, बसका कूलर काढून भावाने साडेसहा हजारांचा लिक्विड कूलर लावला होता. प्रोसेसरवर पंप, दोन नळ्या, पुढच्या बाजूला रेडिएटर, वर अर्थातच दिवे. प्रोसेसर त्याने खरंच गार झाला, ५८ हा आकडा त्याचीच कमाई. पण जुन्या कूलरचा पंखा वरून खाली, थेट बोर्डवर वारा मारायचा. त्यातला थोडा वारा फुकटात त्या काळ्या रांगेला मिळत होता. तो गेला. जानेवारीच्या थंडीत कुणाला कळलं नाही. एप्रिलमध्ये डोंबिवली तापली, लग्नसराईचे रेंडर सुरू झाले, आणि रांगेने आरोळी ठोकली. दोन महिने घरात ज्यावर भांडणं झाली त्या रहस्याचा खुनी निघाला न वाहणारा वारा!

पुराव्यादाखल दादांनी शेल्फवरचा छोटा टेबलफॅन उचलला आणि डब्यात रोखला. मिनिटभरात आकडा ४.४. फॅन बाजूला, थोड्या वेळाने ०.७९. फॅन आत, ४.४. मी ते तीनदा करायला लावलं. बघायला भन्नाट वाटतं हो!

भावाने हळूच विचारलं, की एका सॉफ्टवेअरमध्ये टिक काढली की ही आरोळी बंद करता येते असं त्याने व्हिडिओत पाहिलंय. एवढा वेळ थंड असलेले दादा तिथे तापले. "कुकरच्या शिट्टीवर वरवंटा ठेवशील का? जुन्या लॅपटॉपचा सेन्सर खोटं बोलत असेल तर गोष्ट वेगळी. इथे सेन्सर खरं बोलतोय." विषय संपला.

उपचार काय झाले ते सांगते, कारण यातले बरेचसे तुम्हालाही उपयोगी पडतील. काळ्या रांगेवर ॲल्युमिनियमचे छोटे पंखदार तुकडे उष्णता वाहणाऱ्या चिकटपट्टीने बसवले. एक जादा पंखा पट्टीवर लावून त्याचं तोंड रांगेकडे केलं. मग बायोस. तिथे विजेची मर्यादा जवळपास मोकाट सोडलेली होती, ती शंभर वॅटवर बांधली. स्पीड आता ४.५ नाही, ३.८ च्या आसपास राहतो. भाऊ जरा हिरमुसला. दादा म्हणाले, "दहा मिनिटं साडेचार आणि मग तासभर शून्य पॉइंट आठ, यापेक्षा दिवसभर तीन पॉइंट आठ कधीही चांगला." खोका पुन्हा पालथा, टेस्ट पुन्हा चालू. पाऊण तास. रांग ८४ वर थांबली, आरोळी नाही. बिल अकराशे पन्नास रुपये, मजुरीसकट. वर फुकट सल्ला, की कप्प्याची मागची फळी काप, आणि पुढच्या वेळी पैसे साठले की आधी बोर्ड बदल, दिवे नंतर.

फिल्म शनिवारी पहाटे तयार झाली. एक तास दहा मिनिटं लागली. आजींनी ती रविवारी दोनदा पाहिली, असं नवरीने भावाला कळवलं, आणि चाळीस हजारही आले.

चहा पिताना दादांना धंद्याचं विचारलं. नवं सामान विकणाऱ्या खालच्या दुकानांचं गणित आता कठीण झालंय. पोरं इथे येऊन बॉक्स हातात घेऊन बघतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतात. वॉरंटीचं काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातं, आणि तिथे तपासण्यापेक्षा बदलून देणं स्वस्त पडतं. दादांसारखे दुरुस्तीवाले टिकून आहेत, कारण खोका पालथा घालून बघण्याची सोय ऑनलाइन नाही. पण त्यांच्या हाताखाली आता एकच पोरगा आहे, आणि तोही मोबाइल रिपेअरिंगकडे वळायच्या विचारात आहे. तिथे दिवसाला जास्त नग होतात. माझ्या पिढीने या रस्त्यावरून पहिला पेनड्राइव्ह घेतला, पहिला हेडफोन घासाघीस करून आणला. आता आपण घासाघीस विसरलो तशी 'आधी तपासून बघा' म्हणायचीही सवय विसरलो की काय, अशी शंका येते. पस्तीस हजार सांगितले की आपण पस्तीस हजारांची सोय करायला लागतो.

तुम्हाला जायचं असेल तर रविवार सोडून जा, बहुतेक बाजार बंद असतो. सकाळी फार लवकर जाण्यात अर्थ नाही, शटर सावकाश उघडतात. दुपारी दोन ते पाच ही रिपेअरवाल्यांची निवांत वेळ, तेव्हा ते बोलतात. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोचंही ग्रँट रोड स्टेशन झालंय, त्यामुळे अंधेरीकडच्यांना गार डब्यातून येता येईल. खाण्यासाठी फार शोधू नका, कोपऱ्यावरच्या सँडविचवाल्याची हिरवी चटणी पुरेशी जहाल आहे. दुरुस्तीला देताना समोर टेस्ट करायला सांगा, आणि बदललेला पार्ट मागून घ्या. आणि डेस्कटॉप घेऊन लोकलने जाणार असाल तर ग्राफिक्स कार्ड घरीच काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या सॅकमध्ये ठेवा. कार्ड जड असतं आणि दादरच्या गर्दीत बसणारा धक्का बोर्डच्या स्लॉटला झेपत नाही. वायर आणि कीबोर्ड न्यायची गरज नाही, ते तिथे ढिगाने असतात.